आकडोबाची खोळ

जुन्नर,
५ फेब्रुवारी २०२४

चि. खंडूस आक्काचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम वि. वि.

गुडघा कसा आहे? तेल लावतोस का नुसता बाटलीकडं बघत बसतोस? माझ्या कानाचं मशीन पुन्हा शिट्ट्या मारतंय, त्यामुळं फोनवर तू एक बोलतोस आणि मी दुसऱ्याचंच उत्तर देते. रवींद्रच्या मोबाईलवर लिहावं तर सूनबाईपासून नातवापर्यंत सगळी आधी वाचणार. हे फक्त तुझ्यासाठी आहे, म्हणून पोस्टात टाकते.

शनिवारी मी रवींद्रच्या झेरॉक्सच्या दुकानात बसले होते, तर आपल्या आजोळचा जानकू आला. अंबाबाईचा मुलगा. आपली आई माहेरी हिरडा वेचायला जायची तेव्हा तिच्याबरोबर रानात असायची ती अंबाबाई. आता शहाऐंशीची आहे. जानकूचं तोंड अगदी उतरलं होतं. ऐकू येत नसलं तरी वाचता येतं मला, म्हणून त्याच्या हातातला कागद घेऊन वाचला.

झालं असं. त्यांच्या देव्हाऱ्यात एक शेंदरी देव होता. संक्रांतीनंतर एके दिवशी त्याची शेंदराची खोळ आपोआप सुटून पडली. देवानं खोळ टाकली की शुभ मानतात, म्हणून वाडीतली माणसं नारळ घेऊन आली. आणि आत निघालं पिस्तूल. नळी, चाप, पितळेची मूठ, सगळं जिथल्या तिथं. कुणीतरी फोटो काढून चार गावांत धाडला. मग पोलीस पाटलाला वर कळवणं भाग पडलं. पोलीस आले, नीट बोलले, पिस्तूल घेऊन गेले आणि कागद देऊन गेले, की ही वस्तू कुठून आणि कुणाकडून आली त्याचा जबाब सव्वीस तारखेपर्यंत द्या. अंबाबाई म्हणते ओढ्यात सापडला. कोणत्या ओढ्यात, कुणी पाहिलं, असं विचारलं की तोंडाला कुलूप. जानकूचा मोहित पोलीस भरतीत उतरलाय, मैदानी पास झालाय. घरावर हत्याराची केस लागली तर त्याला चारित्र्याचा दाखला कोण देणार?

खंडू, तो देव ओढ्यात सापडलेला नाही. तो आपला आकडोबा आहे.

तू तेव्हा तीन वर्षांचा होतास. सत्तावनच्या वैशाखात आबांनी दीक्षा घेतली आणि घरचे सगळे देव पाटीत भरून घोडनदीच्या डोहात सोडले. पण आदल्या दिवशी आईनं लाल फडक्यातून आकडोबा काढून घेतला आणि त्याच्या जागी आपला वरवंटा गुंडाळून ठेवला. मी बघितलं. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी आजोळी गेलो तेव्हा हुलग्याच्या पाटीत तळाशी तो होता आणि पाटी माझ्या डोक्यावर होती. रानात हिरड्याच्या झाडाखाली आईनं तो अंबाबाईच्या ओटीत घातला. अंबाबाईनं तिच्या सासरी सांगितलं ओढ्यात सापडला, कारण आपल्या वस्तीतला देव त्या काळी त्यांच्या घरात कुणी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नसता.

सदुसष्ट वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. आता तू आणि मी जाऊन खरा जबाब देऊ, म्हणजे त्या पोराचं नुकसान टळेल. उलट टपाली कळव.

घरात सगळ्यांना जयभीम. आक्कावरचा जीव आहे तसाच असू दे.

तुझी,
द्रौपदाक्का

*

अवसरी बुद्रुक,
९ फेब्रुवारी २०२४

ती. आक्कास धाकट्या खंडूचा सविनय जयभीम वि. वि.

पत्र मिळालं. तीनदा वाचलं, चहा गार झाला, बायकोनं विचारलं कोण गेलं म्हणून. कुणी न्हाई म्हणालो आणि कागद खिशात घातला.

आक्का, तुला म्हातारपणी काय सुचतंय हे? अगं, येत्या चौदा एप्रिलला विहाराच्या दाराशी आबांची कोनशिला बसतीय. कमिटीचा अध्यक्ष मी. दगड कोरून आलाय, माझ्याच पडवीत पोत्याखाली ठेवलाय. कालकथित भिका यांनी या गावात सर्वप्रथम घरचे देव नदीत सोडले, असं त्याच्यावर लिहिलंय. आणि तू मला सांगतीस की आबांनी वरवंटा सोडला!

आबा आयुष्यभर सांगायचे, बाकीचे टाक बुळूबुळू गेले, पण आकडोबा पाण्यात पडला तेव्हा डोह दणाणला. मी हे वीस भाषणांत सांगितलंय. आता कळलं दणाणला का. तुला हसू येत असंल, मला येत न्हाई.

मला आईचा लई राग आला. ज्या माणसानं बैलपोळ्याला मार खाल्ला, पाणवठ्यावर शिव्या खाल्ल्या आणि तरी मान खाली घातली न्हाई, त्याच्या पाठीमागं त्याच्याच घरात असं व्हावं? त्यांना मरेपर्यंत पत्ता न्हाई. आता त्यांच्या नावानं दगड बसायच्या येळेला तो बाहेर काढायचा?

जानकूबद्दल मला वाईट वाटतं. पण म्हातारी ओढा म्हणतीय तर ओढाच राहू दे. पावसाळ्यात ओढ्याला काय काय वाहून येतं. जुनीपुराणी वस्तू आहे, गंजलेली असणार, पोलीस तरी किती ताणतील? तू मधे पडू नकोस.

गुडघा बरा आहे. तेल लावतो. ते पिस्तूल कसल्या बनावटीचं आहे एवढं जानकूला विचारून ठेव, फोटो असला तर माझ्या नातीच्या, साक्षीच्या मोबाईलवर टाकायला सांग. एसटीच्या वर्कशॉपात छत्तीस वर्षं गेली, यंत्राचं नाव निघालं की राहवत न्हाई.

रागावू नकोस. धाकट्याला सांभाळून घेत आलीस तशी घे.

तुझा,
खंडू

*

जुन्नर,
१४ फेब्रुवारी २०२४

चि. खंडूस आशीर्वाद, जयभीम.

तू सांगितलंस मधे पडू नकोस, म्हणून मी सोमवारी एसटीनं आजोळी जाऊन आले. वळणावळणाचा रस्ता, पण गेले.

अंबाबाई पडवीत बसलेली होती. तिलाही माझ्यासारखंच कमी ऐकू येतं. आम्ही एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन बोललो, बघणाऱ्यांना वाटलं असेल दोन म्हाताऱ्या भांडणार आता. मी कोण ते कळल्यावर तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि मग डाव्या कानामागं चाचपलं. तिथं माझा लहानपणचा व्रण आहे, तो अजून तिच्या ध्यानात आहे.

मी तिला म्हणाले, आता सांगून टाक, कुणाला कसली भीती नाही राहिली. ती नाही म्हणाली आणि का तेही सांगितलं. आईनं तिला गळ्याची आण घातलेली आहे, की हे आमच्या धन्याच्या कानी कधी जाता कामा नये, लोक त्याला हसतील, त्याची मान खाली जाईल. मी म्हणाले आबा जाऊन तीस वर्षं झाली. तर ती म्हणाली की माणूस गेला तरी त्याचं नाव मागं हाय, आणि आण काय माणसाबरोबर सरणावर जात नाय.

जानकू तिथंच उंबऱ्यात बसला होता. म्हातारी काहीतरी लपवते हे त्याला कळतं. तो आईवर चिडत नाही, नुसता आढ्याकडं बघतो. मोहित पहाटे पळायला जायचा तो चार दिवस गेलेला नाही. जानकूच्या बायकोनं मला चहा दिला, पण सासूशी ती बोलत नाही.

म्हणजे समजलास का खंडू? तू ज्या नावाला जपतोस ना, ते नाव ती बाई तुझ्याआधीपासून जपते आहे. तुझ्याकडं पोत्याखाली दगड आहे. तिनं स्वतःच्या नातवाची नोकरी पणाला लावली आहे, आणि आबांना तिनं जन्मात पाहिलेलंसुद्धा नाही.

आण घातलेली असेल तर ती घालणाऱ्यानं नाहीतर तिच्या रक्ताच्या माणसानं समोर उभं राहून शपथ सुटली असं म्हणावं लागतं. तशी रीत आहे त्यांची, आपलीही होती. ते मी सोमवारीच म्हणू शकले असते. म्हणाले नाही, कारण आबा तुझेही आहेत. तुला डावलून मला ते करायचं नाही. पण सव्वीस तारीख काही तुझ्यासाठी थांबणार नाही.

फोटो साक्षीला पाठवलाय. बघ जा यंत्र.

राग आहे, पण माया त्याच्यापेक्षा जास्त आहे हे ध्यानात ठेव.

द्रौपदाक्का

*

अवसरी बुद्रुक,
१८ फेब्रुवारी २०२४

ती. आक्कास खंडूचा कान धरून जयभीम.

कान यासाठी धरला की परवा मी जुन्नरला येऊन गेलो आणि तुझ्या दारावरून पुढं गेलो. तुझ्यासमोर यायचा धीर झाला न्हाई. जानकूला स्टँडवर बोलावून घेतलं आणि दोघं पोलीस ठाण्यात गेलो. साहेब तरणा आहे पण शहाणा आहे. मी मेकॅनिक म्हणल्यावर त्यानं पिस्तूल टेबलावर ठेवून दाखवलं.

काय वस्तू आहे राव! चकमकीचं पिस्तूल. घोड्याच्या तोंडात गारगोटी धरायची, चाप ओढला की ती पोलादावर आपटून ठिणगी पडणार, ठिणगीनं दारू पेटणार. अडीचशे वर्षांची स्प्रिंग, पण अजून ताण धरतीय. शेंदूर आणि तेलानं आतला गंज रोखला, म्हणजे अंबाबाईनं रोज ग्रीसिंग केल्यासारखंच झालं. मुठीच्या बुडाला पितळेची जाड टोपी आहे. आणि अंगाला एका बाजूनं पोलादी पट्टीचा लांब आकडा. हाच आपला आकडोबाचा हात, ज्याच्यावर आपली आजी फुलं अडकवायची.

साक्षीनं तो फोटो पुण्यात तिच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांना दाखवला. त्यांचं म्हणणं असं, की हे विलायतेत बनलेलं आणि खास जहाजावरच्या शिपायासाठी. जहाजावर दोन्ही हात दोराला लागतात, म्हणून पिस्तूल कमरपट्ट्याला अडकवायला तो आकडा. बार एकच. तो उडाला की पिस्तूल उलटं धरून पितळी टोपीनं समोरच्याचं टाळकं फोडायचं. चापाच्या पट्टीवर पत्त्यातल्या बदामासारखं चिन्ह आहे, ती कंपनी सरकारची खूण. आणि आता नीट ऐक. कंपनीच्या जहाजांवर मुंबईची जी पलटण जायची, तिच्यात आपले लोक पुष्कळ असायचे. आपला कुणी पणजोबा-खापरपणजोबा त्यात असंल, त्यानं हे घरी आणलं असंल. पुरावा मात्र न्हाई, असं सर दोनदा बोलले.

मला तर पुरावा मिळाल्यासारखंच झालं. रात गेली तरी डोळा लागला न्हाई. आक्का, तो देव नव्हताच! समुद्रावर गेलेल्या आपल्या माणसाचं हत्यार होतं ते. पुढं आपल्यातली भरती बंद पडली, सांगणारे मेले, पोराबाळांनी फडक्यात गुंडाळलेलं लोखंड बघितलं आणि शेंदूर फासला. मग आबांचं काय चुकलं? त्यांनी सगळे देव सोडले, राहिलं ते हत्यार.

मी जबाब असा देतो. सदर पिस्तूल आमच्या पूर्वजांचं असून आमच्या मातोश्रींनी ते अंबाबाईंकडे सांभाळायला दिलं होतं. यात खोटं काही न्हाई. जानकू सुटला, आबा राहिले, आणि चौदा एप्रिलला मी भाषणात पणजोबांचं सांगणार. कसं वाटतं?

आता तरी हसून पत्र लिही.

तुझा,
खंडू

*

जुन्नर,
२१ फेब्रुवारी २०२४

चि. खंडूस आशीर्वाद.

पिस्तुलाची माहिती वाचून मला फार बरं वाटलं. कोण तो पणजोबा, कसा गेला असेल जहाजावर, घोडनदीपलीकडं पाणी न बघितलेला माणूस. विचार करत बसले बराच वेळ. माझ्या दारावरून गेलास त्याचं आपण नंतर बघू.

पण जबाब तसा द्यायचा नाही.

आईनं अंबाबाईकडं हत्यार सांभाळायला दिलं नव्हतं. ती देव देत होती. हुलग्याची पाटी मी उतरवली तेव्हा ती त्याच्या पाया पडली आणि रडली. मला म्हणाली की तुझ्या बापाचं खरं आहे, या देवांनी आपल्याला काही दिलं नाही, पण याच्याशी मी सासरी आल्यापासून बोलते आहे, याला पाण्यात घालवत नाही. नंतर त्याच बाईनं आपल्याला शाळेत पाठवताना एक दिवस घरी ठेवलं नाही, हेही तुला ठाऊक आहे. तिनं आबांचं ऐकलं आणि स्वतःचंही ऐकलं. ती आबांना फसवत होती असं तुला वाटतं. मला वाटतं तिला दोघांपैकी कुणालाच बुडवायचं नव्हतं.

आणि अंबाबाईनंसुद्धा देवच घेतला. आपल्या घरचा आहे हे ठाऊक असून घेतला, देव्हाऱ्यात मधोमध बसवला, सासऱ्याला आणि नवऱ्याला त्याच्यापुढं डोकं टेकायला लावलं. एकोणीस वर्षांची सून होती ती. तू तिला सामान सांभाळणारी करून ठेवतोस.

तुझ्या पणजोबाला भाषणात खुशाल चढव जहाजावर. जबाबात मात्र झालं ते लिही. जमत नसेल तर तसं कळव, मी एकटी जाते.

बाकी क्षेम. उत्तराची वाट बघते.

द्रौपदाक्का

*

अवसरी बुद्रुक,
२३ फेब्रुवारी २०२४

ती. आक्कास जयभीम.

हे पत्र पोस्टात टाकत न्हाई. साक्षी उद्या जुन्नरला येतीय, तिच्या हातानं पाठवतो. पाकीट चिकटवलंय, पण ती नातही माझीच आहे.

तुझं पत्र काल सकाळी आलं. संध्याकाळीच विहारात कमिटी बोलावली. आठ माणसं आली. उभं राहून सगळं सांगितलं, वरवंट्यासकट. गुडघ्याचं निमित्त करून खुर्ची धरली. म्हणालो, दगडावरचा मजकूर खोटा ठरतोय, मला अध्यक्षपदावरून काढा, दगडाचं काय करायचं ते ठरवा.

 कमिटीतला बाळासाहेब चष्मा पुसत बसला. मग भागूआण्णा उठले. नव्वदीचे आहेत, आबांच्या बरोबर त्या दिवशी डोहावर होते. ते म्हणाले की भिकाच्या हातातून जे सुटलं ते त्यानं देव म्हणूनच सोडलं, सगळा गाव काठावर काठ्या घेऊन उभा असताना सोडलं, फडक्यात काय व्हतं ते बघून त्याची छाती मोजायची का? आणि पुढं म्हणाले की आमच्या म्हातारीनं पण चांदीचा एक टाक मिठाच्या मडक्यात ठेवला व्हता, ती वारल्यावर मला सापडला, मी गपचूप डोहात टाकून आलो. मग आणखी दोघं खाली मान घालून हसले. त्यांनी काही सांगितलं न्हाई आणि मी विचारलं न्हाई.

दगड आहे तसा बसणार.

आक्का, मी एवढी वर्षं आबांचा मुलगा म्हणून मिरवलो, पण आईचा मुलगा म्हणून कधी कुणापुढं उभा राहिलो न्हाई. ती आपली चुलीपाशी. तिच्या मनात काय चाललंय, तिला एखादं माणूस जवळचं असंल, हे मला कधी सुचलंच न्हाई. याची मला लाज वाटली.

जबाब तू म्हणतीस तसा लिहिलाय, दोन पानं. सोमवारी सकाळच्या गाडीनं येतो. साहेबानं जानकूच्या घरीच जबाब घ्यायचं कबूल केलंय, म्हातारीला खाली आणायला नको म्हणून. यावेळी तुझ्या दाराशी थांबेन. चहा ठेव.

तुझा,
खंडू

*

जुन्नर,
१ मार्च २०२४

चि. खंडूस आक्काचे पोटभर आशीर्वाद आणि जयभीम.

सोमवारी तू घाईघाईनं परतलास, म्हणून आत काय झालं ते तुला कळलंच नाही. तू बाहेर अंगणात साहेबाला जबाब वाचून दाखवत होतास. लोकांनी कुंपण भरलं होतं. तू अडखळला नाहीस. आवाज काही माझ्यापर्यंत पोचला नाही, पण तुझी पाठ मला खिडकीतून दिसत होती. आबा उभे राहायचे तसाच उभा होतास.

मी आत अंबाबाईसमोर उभी राहिले आणि तिच्या कानात म्हणाले की कुशाबाईची लेक म्हणून सांगते, शपथ सुटली. तिला पटकन कळलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाले. मग तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, सुनेला हात द्यायला लावला आणि ओट्यावर आली. पुढचं तू पाहिलंस. वाडीतल्या सगळ्यांदेखत तिनं सांगितलं की देव कुशाबाईच्या घरचा, मीच आणला, धन्याशी खोटं बोलले, आणि तुमी सगळ्यांनी त्याच्याच पाया पडून पोरं मागितली. तो काठी घेतलेला म्हातारा उठून चालता झाला, तेही तू पाहिलंस. त्याच्या घरी सूतक धरलं म्हणतात. असो. जानकू मात्र आईशेजारी जाऊन बसला. मोहित काल दुकानात आला होता, अर्जाची झेरॉक्स काढायला. पुन्हा पळायला लागलाय.

साहेबानं पिस्तूल पुण्याच्या संग्रहालयात जाईल असं सांगितलं तेव्हा मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली की लोखंड न्या, शेंदूर माझा हाय. फुटलेली खोळ तिनं जोडून देव्हाऱ्यात ठेवली आहे. तिला हात जोडते का ते मी विचारलं नाही.

आता जे सांगायला हे पत्र लिहिते ते सांगते. तू परतीसाठी ठरवलेल्या जीपमध्ये जाऊन बसलास आणि मी निरोप घ्यायला आत गेले. तिनं माझं डोकं खाली ओढलं, तोंड कानाशी आणलं आणि विचारलं की कुशी त्या वर्षानंतर पुन्हा वर आली नाय. दर वैशाखात मी हिरड्याच्या झाडाखाली तिची वाट बघितली. ती माझं नाव तरी काढायची का?

खंडू, आई शेवटचे सहा महिने माझ्याकडं होती. तापात बरळायची, सगळ्यांची नावं घ्यायची, मेलेल्या म्हशीचंसुद्धा घ्यायची. अंबाबाईचं नाव एकदाही आलं नाही. आजोळी का जात नाहीस असं मी लहानपणी विचारायची तर उठून कामाला लागायची. आबांना संशय येईल म्हणून, का तो समोर दिसला तर हात जोडले जातील म्हणून, मला माहीत नाही. एवढं पक्कं माहीत आहे, की आपल्या घरात ते नाव कधी निघालं नाही.

मी अंबाबाईच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं की रोज काढायची, जेवताना तर हमखास.

तुला खरं लिही म्हणून तीन पत्रं मागं लागले, आणि मी हे केलं. तिनं माझा हात धरला तो तुझी जीप तीनदा हॉर्न देईपर्यंत सोडला नाही. तू मला विचारलंस एवढा उशीर का, तर मी म्हणाले मशीन सापडत नव्हतं.

लिहिण्यासारखं एवढंच. गुडघ्याला तेल लाव. दोघांचा लोभ असाच राहो, आता दोघंच आहोत.

तुझी,
द्रौपदाक्का